शब्दशंका : ‘इनफ’, ‘सफिशंट’, ‘अ‍ॅडिक्वेट’ आणि आपले ‘पुरेसे’

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अर्थाच्या आसपास फिरणाऱ्या इंग्रजी शब्दांविषयी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. पुढच्या उत्तरांना त्याचा आधार लागणार असल्याने ते आधी वाचावे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. मुले ‘ही इज इनफ टॉल’ असे लिहितात आणि चूक दाखवली की ‘मॅडम, पुरेसा उंच म्हणजे इनफ टॉलच की’ असे म्हणतात. ‘इनफ’ आधी कधी येतो आणि नंतर कधी, हे त्यांना कसे समजावून द्यावे? आणि ‘इनफ’च्या जागी सर्रास ‘सफिशंट’ वापरले तर चालते का?
— एक शिक्षिका, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : मुलांची चूक इंग्रजीत दिसत असली, तरी तिचे मूळ ‘पुरेसा उंच’ या मराठीत आहे, आणि ही मराठी मुलांच्या घरातली नसून गाइडातली आहे. अहमदपुरात काय किंवा उदगिरात काय, फळीवरचा डबा काढू शकणाऱ्या मुलाला कोणी ‘पुरेसा उंच’ म्हणत नाही. ‘डबा काढता येईल एवढा तो उंच आहे’, असेच आपण म्हणतो. म्हणून विशेषणाबरोबर येणाऱ्या ‘इनफ’चा अर्थ ‘पुरेसा’ असा न सांगता ‘एवढा’ असा सांगावा. ‘टॉल इनफ टू रीच द शेल्फ’ हे ‘उंच एवढा, की फळीला हात पोचावा’ असे शब्दामागून शब्द उलगडते आणि क्रमही आपोआप जागेवर बसतो.

नियम सांगायचाच झाला तर तो थोडक्यात असा, की नामाबरोबर ‘इनफ’ आधी येतो आणि विशेषण, क्रियाविशेषण किंवा क्रियापद यांच्याबरोबर नंतर येतो. ‘इनफ वॉटर’, ‘इनफ बेंचेस’. पण ‘ओल्ड इनफ’, ‘फास्ट इनफ’, आणि ‘शी डिडन्ट स्लीप इनफ’. ‘टाइम इनफ’ किंवा ‘रूम इनफ’ असा नामानंतरचा वापरही जुन्या लेखनात आढळतो, परंतु शाळेतल्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये.

वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी मात्र येथे आपल्याला अडवील, कारण ‘इनफ’नंतर लगेच विशेषण आलेले एखादे शुद्ध वाक्य त्याने कोठेतरी वाचलेले असेल. त्याच्यासाठी पुढील दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत. ‘वुई डोन्ट हॅव अ बिग इनफ टँक’ याचा अर्थ, आमच्याकडे टाकी आहे, पण गरजेच्या मानाने ती लहान आहे. ‘वुई डोन्ट हॅव इनफ बिग टँक्स’ याचा अर्थ, मोठ्या टाक्या आहेत, पण त्या संख्येने कमी पडतात. पहिल्या वाक्यात ‘इनफ’ टाकीचा मोठेपणा मोजतो, दुसऱ्यात टाक्यांची संख्या. म्हणजे तो ज्याला मोजतो त्यावर त्याची जागा ठरते. टंचाईच्या दिवसांत तालुक्याला पाठवायच्या अर्जात या दोन वाक्यांची अदलाबदल झाली, तर मागितले काय आणि मिळाले काय, असा प्रसंग ओढवायला वेळ लागणार नाही.

‘ऑफ’विषयीही एक खूण सांगावी. ‘इनफ ऑफ मनी’ हे चूक, ‘इनफ मनी’ हे बरोबर. पण नामाआधी ‘द’, ‘धिस’, ‘माय’ असा शब्द असेल, किंवा नामाऐवजी ‘देम’, ‘इट’ असे सर्वनाम असेल, तर ‘ऑफ’ लागतो : ‘इनफ ऑफ द मनी’, ‘इनफ ऑफ देम’.

हे सारे व्याकरण झाले. माझ्या मते मुलांना याहून महत्त्वाचे सांगायचे ते असे, की ‘इनफ’ हा एकटा उभा राहणारा शब्द नाही. तो आला की ‘कशासाठी’ किंवा ‘कोणासाठी’ हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर वाक्यात ‘टू’ किंवा ‘फॉर’ लावून द्यावे लागते, नाहीतर ते संदर्भावरून स्पष्ट असावे लागते. आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्या. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी लातूरला पोचली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत प्रत्येकी सुमारे ५०,००० लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली आणि एका खेपेस २५ लाख लिटर पाणी मिळू लागले. २०११च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती. पहिल्या गाडीचे पाणी सर्वांना सारखे वाटले असते तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास आले असते आणि मोठ्या गाडीचे साडेसहा लिटरच्या आसपास. आता मुलांना विचारावे, की हे पाणी ‘इनफ’ होते का? मोठ्या गाडीचे पाणी एका दिवसासाठी ‘इनफ टू ड्रिंक’ म्हणता येईल, ‘इनफ टू कुक’ कसेबसे म्हणता येईल, ‘इनफ टू बेद’ मुळीच म्हणता येणार नाही. पाणी तेच, गाडी तीच. ‘टू’च्या पुढचे क्रियापद बदलले की उत्तर बदलते. लातूरच्या मुलांना हे सांगण्यासाठी पुस्तकातले गिर्यारोहक आणि बर्फाचे डोंगर आणण्याची गरज नाही.

‘सफिशंट’विषयी. अर्थ जवळजवळ तोच आहे, फरक आहे तो बसण्याउठण्याच्या जागेचा. ‘इनफ’ जुन्या इंग्रजीतून आलेला घरगुती शब्द आहे. जर्मन भाषेतला ‘गेनूग’ हा त्याचा भाऊबंद. ‘सफिशंट’ लॅटिनमधून आला आणि तो कचेरी, न्यायालय, अहवाल, प्रयोगवही अशा ठिकाणी शोभतो. ‘देअर इज इनफ मिल्क फॉर टी’ असे घरात म्हणतात. ‘सफिशंट मिल्क’ म्हटले तर चूक होणार नाही, पण चहा करण्याआधी दुधाचा पंचनामा झाला असावा, असे वाटेल. शिवाय ‘सफिशंट’ला विशेषणाच्या मागे बसता येत नाही. ‘टॉल सफिशंट’ असे होत नाही. ‘सफिशंटली टॉल’ असे करावे लागते आणि ते विशेषणाच्या आधी येते. ‘सफिशंट इनफ’ अशी जोडी अनेक अर्जांत दिसते, ती टाळावी. दोघांपैकी एकाला घरी पाठवले तरी काम भागते.

उच्चाराविषयी आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगून ठेवतो. ‘इनफ’च्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या ‘जी-एच’ या शेवटच्या दोन अक्षरांचा उच्चार ‘रफ’, ‘टफ’, ‘लाफ’ यांच्याप्रमाणे ‘फ’ होतो आणि जोर दुसऱ्या अवयवावर येतो. ‘सफिशंट’चे क्रियापद मात्र ‘सफिस’ नसून ‘सफाइस’ आहे. पुष्कळ शिक्षकही येथे घसरतात.

प्रश्न : मोसंबीच्या बागेचे पैसे म्हणून व्यापाऱ्याने दिलेला ५०,००० रुपयांचा धनादेश ‘फंड्स इन्सफिशंट’ असा शेरा मारलेल्या चिठ्ठीसह परत आला. व्यापाऱ्याचे म्हणणे असे, की खात्यात पैसे आहेत, त्यामुळे शेराच चुकीचा आहे. या शेऱ्याचा नेमका अर्थ काय?
— एक शेतकरी, ता. अंबड (जि. जालना)

उत्तर : व्यापाऱ्याच्या खात्यात पैसे असू शकतात आणि तरीही शेरा बरोबर असू शकतो. ‘इन्सफिशंट’ म्हणजे ‘अपुरे’; ‘काहीच नाही’ असा त्याचा अर्थ नाही. खात्यात ४९,९०० रुपये असले, तरी ५०,००० रुपयांच्या धनादेशासाठी ते अपुरेच, कारण बँक आहे तेवढी रक्कम देऊन उरलेली बाकी ठेवत नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम १३८ची शब्दयोजना या बाबतीत नेटकी आहे : खात्यातील रक्कम ‘धनादेश वटवण्यासाठी’ अपुरी असेल तर, असे ते म्हणते. वरच्या पत्राच्या उत्तरात जो ‘कशासाठी’ म्हटला, तो कायद्याने येथे शब्दांत लिहूनच ठेवला आहे. त्याच कलमात खातेदाराने बँकेशी ठरवून घेतलेल्या मर्यादेपेक्षा धनादेशाची रक्कम जास्त असण्याचाही उल्लेख आहे, आणि त्या कारणाने धनादेश परत आला तर शेऱ्याचे शब्द वेगळे असतात.

हे सदर शब्दांचे असले, तरी मुदती सांगितल्या नाहीत तर उत्तर अपुरे राहील. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर देणाऱ्याला १५ दिवस मिळतात, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्याच्या आत तक्रार करावी लागते. शब्दार्थाच्या वादात हे दिवस घालवू नयेत; ती चिठ्ठी घेऊन वकिलाकडे जावे.

प्रश्न : मी आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीची सदस्य आहे. जलजीवन मिशनच्या इंग्रजी कागदात प्रत्येक घराला ‘अ‍ॅडिक्वेट क्वांटिटी’ मिळेल असे लिहिले आहे आणि मराठी पत्रकात त्यासाठी ‘पुरेसे पाणी’ असे शब्द आहेत. आमच्या बायका म्हणतात, ‘आम्हाला पुरत नाही, मग पुरेसं कसं?’ त्यांना काय सांगू?
— एक वाचक, ता. पाटोदा (जि. बीड)

उत्तर : त्यांचे मराठी बरोबर आहे आणि पत्रकाचे मराठी तोकडे आहे, असे सांगावे. ‘अ‍ॅडिक्वेट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘समान’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आधी एक माप ठरलेले असते आणि त्या मापाला जे बरोबर भरते ते ‘अ‍ॅडिक्वेट’. या योजनेत ते माप माणशी रोज ५५ लिटर असे आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर पाणी मिळाले, ते ठरलेल्या गुणवत्तेचे असले आणि नियमित आले, की कागदाच्या भाषेत ते ‘अ‍ॅडिक्वेट’ झाले. मराठीतला ‘पुरेसा’ मात्र ‘पुरणे’ या क्रियापदावरून आला आहे आणि पुरले की नाही हे वापरणाराच ठरवतो. माप माणशी असल्यामुळे गोठ्यातल्या म्हशीचा हिशेब त्यात येत नाही. आणि ज्या घरात दोन म्हशी आहेत त्या घरातली बाई पाणी मोजताना म्हशींना वगळत नाही.

माझ्या मते अशा ठिकाणी ‘पुरेसे’ लिहिण्याऐवजी ‘ठरलेल्या प्रमाणात’ असे लिहावे आणि पुढे आकडाही द्यावा. म्हणजे वाद झालाच तर आकड्यावर होईल आणि तो मोजून मिटवता येईल. ‘पुरेसे’ या शब्दावर चाललेला वाद कोणत्याही ग्रामसभेत मिटणार नाही.

हीच गोष्ट पावसाच्या बातम्यांची. हवामान खात्याच्या वर्गवारीत पाऊस सरासरीच्या १९ टक्के कमी ते १९ टक्के अधिक या पट्ट्यात असला की तो ‘नॉर्मल’, आणि तूट २० टक्क्यांवर गेली की ‘डेफिशंट’. ‘नॉर्मल’चे भाषांतर ‘पुरेसा पाऊस’ असे करणारी वार्तापत्रे आपल्याकडे नेहमी दिसतात. ते चूक आहे. सरासरी गाठूनही सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी पावसाने ताण दिला, तर तो पाऊस ‘नॉर्मल’ असेल, पुरेसा नसेल. मराठवाड्यातल्या वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. बातमी लिहिणाऱ्याने तो पाळावा, एवढेच.

‘अ‍ॅडिक्वेट’ला आणखी एक छटा आहे, ती नोकरदारांनी लक्षात ठेवावी. एखाद्याच्या कामाबद्दल साहेबांनी ‘अ‍ॅडिक्वेट’ असा शेरा दिला, तर ती स्तुती समजू नये. ‘बेताचे आहे, चालवून घेऊ’, असा त्याचा रोख असतो.

प्रश्न : करारविषयक कायदा शिकताना ‘कन्सिडरेशन’ (म्हणजे प्रतिफल, करारात एकाने दिलेल्याच्या बदल्यात दुसऱ्याने द्यायचा मोबदला) हे ‘सफिशंट’ असावे लागते, ‘अ‍ॅडिक्वेट’ असण्याची गरज नाही, असे वाक्य येते. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘पुरेसे’च असेल, तर हे वाक्य स्वतःलाच खोडून काढत नाही का?
— विधी शाखेचा एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : आपण दोन्हींसाठी एकच मराठी शब्द घेतल्यामुळे ते तसे वाटते. हे इंग्लंडच्या न्यायपरंपरेतले सूत्र आहे. त्यातील ‘सफिशंट’ म्हणजे कायद्याच्या नजरेत प्रतिफल म्हणून मोजता येईल असे काहीतरी असणे, आणि ‘अ‍ॅडिक्वेट’ म्हणजे ते दिलेल्या वस्तूच्या किमतीच्या तोडीचे असणे. पहिल्या शब्दाचा प्रश्न ‘आहे की नाही’ असा आहे, दुसऱ्याचा ‘तोलाचे आहे की नाही’ असा. आपल्या भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये हे कलम २५च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात येते आणि त्याखालचे उदाहरण फार बोलके आहे : १,००० रुपये किमतीचा घोडा १० रुपयांना विकण्याचा करार केला आणि विकणाऱ्याची संमती खुषीची असली, तर प्रतिफल अगदीच तोकडे असूनही तो करार टिकतो. मात्र किंमत इतकी तोकडी का, यावरून संमती खरोखर खुषीची होती का, हे न्यायालय तपासू शकते. दुष्काळी वर्षात कवडीमोलाने गेलेल्या जमिनींच्या गोष्टी आपल्या भागात घरोघरी ऐकायला मिळतात. त्या ऐकताना ही दुसरी बाजू विसरू नये.

तेव्हा मराठी उत्तरपत्रिकेत ‘सफिशंट’साठी ‘कायद्याने ग्राह्य’ आणि ‘अ‍ॅडिक्वेट’साठी ‘किमतीच्या तोडीचे’ असे लिहिल्यास वाक्य सरळ होईल. मुदत कायदा, १९६३ याच्या कलम ५मधल्या ‘सफिशंट कॉज’साठी मात्र ‘पुरेसे कारण’ हेच योग्य, कारण तेथे विलंब माफ करायला ते कारण न्यायालयाला पुरते का, हाच प्रश्न असतो.

गणिताच्या एका विद्यार्थ्याने परभणीहून ‘नेसेसरी’ आणि ‘सफिशंट’ यांतला फरक विचारला आहे, तोही येथेच सांगतो. मतदानासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. मतदार यादीत नावही लागते. म्हणजे ती अट ‘नेसेसरी’ आहे, ‘सफिशंट’ नाही. उलट, एखादी संख्या सम आहे हे सांगायला तिला १०ने भाग जातो एवढे कळले तरी पुरते, पण सम असण्यासाठी १०ने भाग जाण्याची आवश्यकता नाही. या पारिभाषिक अर्थाने ‘सफिशंट’च्या जागी ‘इनफ’ लिहू नये.

प्रश्न : वेरूळ-अजिंठा पाहायला आलेले परदेशी पाहुणे आमच्याकडे जेवायला होते. मला वाढताना मी ‘सफिशंट, सफिशंट’ म्हणालो, तर नात हसली. ‘आय हॅव हॅड इनफ’ म्हणायला हवे होते का?
— एक सेवानिवृत्त वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नात हसली, पण आपले म्हणणे पाहुण्यांना कळले असणार. ताटावर हात आडवा धरल्यावर कोणत्याही भाषेची फारशी गरज उरत नाही. वाढणाऱ्याला थांबवायचे असेल तर ‘दॅट्स इनफ, थँक यू’ हे साधे आणि नम्र आहे. ‘आय हॅव हॅड इनफ’ जपून वापरावे, कारण आवाज जरा चढला की त्याचा अर्थ ‘आता वीट आला’ असा होतो. आपल्या ‘पुरे झाले’लाही हे दोन्ही अर्थ आहेत आणि तेही स्वरावरच ठरतात. ‘इनफ इज इनफ’ तर फक्त वैतागाचे आहे, ते जेवणात आणूच नये.

आपण ज्या शहरात राहता तेथे यासाठी आणखी दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ‘बस’ फारसीतला, ‘काफी’ अरबीतला. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि कारभार उर्दूत चालत असे, त्यामुळे जुन्या पिढीच्या तोंडी ‘काफी है’ म्हणजे ‘पुरेसे आहे’ असाच अर्थ असतो. आताच्या हिंदीत मात्र ‘काफी’ बहुतेकदा ‘बरेच’ या अर्थाने येतो. ‘काफी पाऊस झाला’ हे वाक्य आजोबांनी म्हटले की नातवाने, यावर पेरणी करावी की नाही हे ठरेल.

आपल्या नातीने वेगळ्या चिठ्ठीत विचारलेल्या ‘फेअर इनफ’ आणि ‘शुअर इनफ’ यांबद्दल : यांत ‘इनफ’ काही मोजत नाही. ‘फेअर इनफ’ म्हणजे ‘बरं, तुमचं म्हणणं मान्य’, आणि ते पुष्कळदा मनापासून नसते. ‘शुअर इनफ’साठी मराठीत वेगळा शब्द लागतच नाही, एक ‘च’ लागतो. ढग पाहून पाऊस येईल असे वाटले आणि आलाच; या ‘आलाच’मधला ‘च’ म्हणजे ‘शुअर इनफ’.

प्रश्न : ‘पुरेसे’ हा शब्द बोलीतला वाटतो. लेखनात ‘पर्याप्त’ वापरणे अधिक योग्य नाही का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नाही. ‘पुरेसा’ लिंगवचनाप्रमाणे चालतो, पुरेसा वेळ, पुरेशी जागा, पुरेसे धान्य, आणि कोणत्याही गंभीर लेखनात तो खपतो. ‘पर्याप्त’ हिंदीच्या संगतीने आपल्याकडे अधिक दिसू लागला आहे. शिवाय तो शब्द दिसतो तितका निःसंदिग्ध नाही. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातील दहाव्या श्लोकात दुर्योधन आपल्या सैन्याला ‘अपर्याप्तम्’ आणि पांडवांच्या सैन्याला ‘पर्याप्तम्’ म्हणतो. ‘पर्याप्त’चा मूळ अर्थ ‘सर्व बाजूंनी गाठता येणारे’ असा असल्यामुळे त्यातून ‘पुरेसे’ही निघते आणि ‘मर्यादित’ही. त्यामुळे दुर्योधनाने आपले सैन्य अमर्याद असल्याची बढाई मारली, की ते कमी पडेल अशी भीती बोलून दाखवली, याबद्दल टीकाकारांत अजून एकमत नाही. तेव्हा टंचाईच्या अर्जात तरी ‘पर्याप्त’ लिहू नये.